आधी कान तपासा

ओपन हाउस संपवून ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या आईच्या पर्समध्ये हल्ली प्रगतिपुस्तकाबरोबर आणखी एक चिठ्ठी असते. ‘असेसमेंट करून घ्यावे.’ म्हणजे मुलाचं लक्ष आणि वागणं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. तोंडी बरंच काही सांगून झालेलं असतं. बसत नाही, ऐकत नाही, दुसऱ्यांना बसू देत नाही, वही अर्धवट, डबा अर्धवट. घरी पोचेपर्यंत निकाल लागायला सुरुवात होते. सासूबाई म्हणतात, आई नोकरी करते ना, मग होणारच. शेजारच्या काकूंच्या मते मोबाइल हातात दिला तेव्हाच सगळं बिघडलं. आजोबांचं वेगळंच, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन रट्टे दिले की कार्टी सरळ व्हायची. वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी साखर बंद करायला सांगतं, कुणी ओटीवाल्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, मॅडमचा नंबर टाकतं.

‘असं का होतंय’ हा प्रश्न या सगळ्यात विचारला जातो खरा, पण कोर्टात विचारावा तसा. गुन्हेगार सापडला की चौकशी संपली. मुलाचं लक्ष का लागत नाही हे खरोखर शोधायचं असेल, तर साध्या आणि स्वस्त तपासण्या आधी व्हायला हव्यात आणि त्यांची सुरुवात शाळेने आणि महापालिकेने करायला हवी. आज क्रम नेमका उलटा आहे. महागडं लेबल आधी, कानाची तपासणी नंतर, तीही कुणाला आठवली तर. मी शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे शिक्षकांच्या बाजूची अडचण मला ठाऊक आहे. तरीही हा क्रम बदलला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पण सगळ्यात आधी आईला या पिंजऱ्यातून सोडू.

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे एडीएचडी, हे आजकालचं फॅड नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली व्याख्यानं दिली, त्यात बुद्धीने चांगल्या पण स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांची वर्णनं आहेत. तेव्हा ना मोबाइल होता ना कार्टून चॅनल, आणि रट्टे तर भरपूर होते. जगभरातल्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये हा प्रकार आढळतो. जुळ्या भावंडांवर अनेक देशांत झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तुमच्या मुलाची ७४ टक्के मस्ती जनुकांमुळे आणि उरलेली तुमच्यामुळे, असा त्याचा हिशेब नाही. मुलामुलांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला बहुतेक फरक जन्मतः आलेल्या घडणीने समजावता येतो, एवढंच तो सांगतो. एकच एक जनुक दोषी आहे असंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात एडीएचडीशी जोडलेली जनुकसंचातली २७ ठिकाणं सापडली आणि प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक आहे. म्हणूनच एडीएचडी दाखवणारी रक्ततपासणी नाही आणि मेंदूच्या स्कॅनवरही तो ओळखता येत नाही. कुणी तसा दावा करून पैसे मागत असेल तर तिथून उठावं.

सल्लागाराच्या वेटिंग रूममध्ये बसलात तर या आनुवंशिकतेचं दर्शन फुकटात घडतं. पोरगं खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत असतं, आई त्याला दटावत असते आणि शेजारी बसलेल्या बापाचा गुडघा अखंड हलत असतो. त्याने गाडीची किल्ली दोनदा खिशात चाचपलेली असते. आत गेल्यावर तोच सांगतो, डॉक्टर, मीही लहानपणी असाच होतो हो. याच माणसाला घरी कुणी जाब विचारलेला नसतो. दोषाचं खापर फुटतं ते तिच्याच डोक्यावर.

मेंदूत काय घडतं याचा सगळ्यात बोलका पुरावा २००७ चा आहे. अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे मेंदू वर्षानुवर्षं स्कॅन करून पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कमाल पातळी गाठते. एडीएचडीच्या मुलांत तेच साडेदहाव्या वर्षी घडतं. वाढीचा क्रम तोच, फक्त उशीर, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या त्या भागात जिथून लक्ष आणि संयम सांभाळला जातो. गंमत म्हणजे हालचालींचा भाग या मुलांमध्ये किंचित लवकरच तयार होतो. तिसरीतल्या ज्या मुलाला आपण ‘एवढा मोठा झालास तरी’ म्हणून झापतो, त्याचा आवर घालणारा भाग अजून बालवाडीत असू शकतो आणि पाय मात्र तिसरीच्याही पुढे.

जन्माआधीच्या आणि जन्मावेळच्या काही गोष्टी जोखीम वाढवतात. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, फार कमी वजन, शरीरात गेलेलं शिसं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, घरगुती रंगातल्या शिशावर प्रतिदशलक्ष ९० भागांची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या ग्रिल आणि पोपडे धरलेल्या भिंती मात्र अजून जागच्या जागी आहेत. संगोपनातून असं काही उद्भवू शकतं का, याचं उत्तर रुमानियातून मिळालं. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळातल्या अनाथालयांमध्ये पाळण्याला खिळून राहिलेली, कुणी जवळ न घेतलेली मुलं १९९० नंतर ब्रिटनमध्ये दत्तक गेली. सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी अनेकांमध्ये चांगल्या घरात वाढूनही मोठेपणी एडीएचडीसारखी लक्षणं राहिली. म्हणजे परिस्थितीने मेंदूवर एवढा घाव घालायला किती टोकाची उपेक्षा लागते ते पाहा. ठाण्याहून आठची फास्ट पकडून सातला घरी येणारी आई त्या मोजपट्टीवर कुठेच बसत नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही. एडीएचडी खरा आहे, पण वर्गात लक्ष नसलेलं प्रत्येक मूल एडीएचडीचं नाही. इथे रक्तदाबाचं उदाहरण घ्यावं. रक्तदाब कमीपासून जास्तीपर्यंत सगळ्यांमध्ये सलग पसरलेला असतो, मधली रेघ डॉक्टर मंडळी एकत्र बसून ठरवतात. रेघ माणसाने ओढली म्हणून दोनशेचा रक्तदाब खोटा ठरत नाही. पण जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब एकदा मोजून त्याला जन्माची गोळीही कुणी देत नाही. लक्षाच्या बाबतीत मात्र आपण जिना चढलेल्या मुलालाच मोजतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांमध्ये ही काळजी घेतलेली आहे. लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलपणाची नऊ लक्षणं, त्यातल्या एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी दिसलेली आणि शाळा, घर, खेळ अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी. शिवाय दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नाही ना, हे पाहणं आलंच. शेवटच्या दोन अटींना वेळ लागतो. शिक्षकांशी बोलावं लागतं, आजोळी मूल कसं वागतं ते विचारावं लागतं. गर्दीच्या दवाखान्यात वीस मिनिटांत भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘कधी कधी’ आणि ‘वारंवार’ यांच्यातला फरक त्या दिवशीच्या आईच्या थकव्यावर ठरतो.

आधी कानावर पडलेली गोष्ट डोळ्यांना काय दाखवते, याचा १९९४ चा एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना खरं सांगितलं, निम्म्यांना सांगितलं की भरपूर साखर दिली आहे. साखर दिल्याचं ऐकलेल्या आयांना आपला मुलगा जास्त उंडारलेला वाटला आणि त्या त्याच्या जास्त जवळ राहून नजर ठेवू लागल्या. सोसायटीच्या क्लबहाउसमधले वाढदिवस आठवा. पंचवीस पोरं, संगीत, फुगे, रात्रीचे नऊ, आणि दोष कुणाचा तर केकमधल्या साखरेचा. साखरेवरच्या नेमक्या प्रयोगांचा १९९५ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वागण्यावर परिणाम दिसला नाही. (साखर दातांसाठी आणि वजनासाठी कमी करा, त्याला कुणाची ना नाही.) काही कृत्रिम रंगांबद्दल थोडा पुरावा आहे, युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर तसा इशारा छापावा लागतो. तेवढ्यापुरतं लाल-पिवळं खाणं कमी केलं तर चांगलंच.

आता मुद्दा जन्मतारखेचा, आणि तो आपल्या राज्यात विशेष लागू आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होण्याची अट आहे. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेलं मूल एका बाकावर बसतं. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा एक जवळजवळ साडेसहाचं असतं, दुसरं साडेपाचचं. त्या वयात हे अंतर प्रचंड आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची तारीख हीच, ३१ डिसेंबर. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली जे निघालं ते प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर काचेखाली असायला हवं. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त मिळत होतं, मुलींना ७० टक्के. औषधं तर मुलग्यांना ४१ टक्के आणि मुलींना ७७ टक्के जास्त. जनुकांना कॅलेंडर कळत नाही. वयाने लहान असणं हाच त्या मुलांचा आजार ठरवला गेला होता. आपल्याकडच्या किती शाळांनी असेसमेंटच्या चिठ्ठ्या दिलेल्या मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर उतरवून पाहिल्या आहेत? त्याला खर्च शून्य आहे.

यानंतर झोप. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या शहरांचा खरा घोळ इथे आहे.

सकाळी सव्वासहाला कासारवडवलीच्या किंवा खारघरच्या कुठल्याही मोठ्या संकुलाच्या गेटवर जाऊन उभं राहा. स्कूलबसची वाट पाहणारी पहिली-दुसरीतली पोरं भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेली दिसतील. पाण्याची बाटली गळ्यात, बुटाची नाडी सुटलेली, आईच्या हातात दुधाचा उरलेला अर्धा ग्लास आणि डोळे बसच्या दिशेला. हे मूल काल रात्री किती वाजता झोपलं? आईवडील साडेसात-आठला घरी आले, होमवर्क नऊला निघाला, जेवण दहाला, आणि बाबांशी पाच मिनिटं खेळायला मिळाली ती साडेदहाला. अकरा वाजता झोपून पावणेसहाला उठवलेलं मूल पुऱ्या सात तासांचंही झोपत नाही. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. मोठा माणूस झोप कमी पडली की पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा उलट करतं, ते पेटतं. चिडतं, पळतं, विसरतं, हातातलं काम सोडून देतं. हीच यादी एडीएचडीच्या फॉर्मवरही आहे.

विशेष म्हणजे सरकारला हे पटलेलं आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मग ओरड सुरू झाली. दोन सत्रांच्या शाळा, एकाच बसच्या दोन फेऱ्या, नऊला घोडबंदरवर लागणारा ट्रॅफिक आणि आईबाबांची ऑफिसं. या अडचणी खऱ्या आहेत, त्या मी नाकारत नाही. पण मग एवढं तरी कबूल करा की मोठ्यांच्या वेळापत्रकाची किंमत मुलाच्या झोपेतून वसूल होते, आणि नंतर त्या न झोपलेल्या मुलाला आपण तपासायला पाठवतो.

झोपेचा दुसरा शत्रू नाकात असतो. नाकामागच्या वाढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथी आणि टॉन्सिलमुळे मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, रात्रभर कूस बदलतं. ‘अगदी बाबांसारखा घोरतो’ म्हणून घरात कौतुक होतं. कौतुक आवरून मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं.

कानाचं तर काय सांगावं. ठाण्याचा पावसाळा म्हणजे लहान मुलांच्या सर्दीचा हंगाम. वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं, दुखत मात्र नाही. ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं, आइस्क्रीम म्हटलं की बरं ऐकू येतं! कळव्याकडच्या एका शाळेतला मुलगा माझ्या लक्षात आहे. शुद्धलेखन घालताना तो आधी शेजारच्याच्या वहीत बघायचा, मग लिहायला लागायचा. बाईंचं मत, कॉपी करतो आणि एरवी तंद्रीत असतो. मला दिसलं ते एवढंच की प्रत्येक वेळी तो मान उजवीकडे वळवून डावा कान फळ्याकडे करायचा. पडद्यामागचं पाणी दाखवणारी तपासणी काही मिनिटांत होते. त्याच्या कानाला उपचार मिळाले आणि मग त्याचं तंद्रीत असणं कुठे गेलं ते कुणी विचारलंही नाही.

चष्म्याचा नंबर न कळलेलं मूल, अक्षरं जुळत नाहीत म्हणून वाचनाच्या तासाला हमखास पाणी प्यायला जाणारं डिस्लेक्सियाचं मूल, घरातल्या भांडणांकडे कान लावून बसलेलं मूल; वर्गाच्या शेवटच्या बाकावरून ही सगळी सारखीच दिसतात. बोलता बोलता दहा सेकंद गोठणारं आणि मग काहीच न घडल्यासारखं पुढे बोलणारं मूल दिवास्वप्नं पाहत नसतं, तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या ईईजी तपासणीत तो दिसतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. लोहाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयाची निघाली. लोह कमी म्हणजे एडीएचडी नव्हे. पण लक्ष टिकवायला लागणारं डोपामिन हे रसायन मेंदूत तयार व्हायला लोह लागतं आणि पांढऱ्याफटक मुलाचं लक्ष टिकत नाही, हे कुठलीही अंगणवाडीताई सांगेल.

कुणी म्हणेल, ही सगळी वैद्यकीय कारणं झाली, यात सार्वजनिक प्रश्न कुठला? मग वर्गाची खिडकी उघडा. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाला खेटून एक शाळा होती. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे असल्याचं १९७५ साली दिसलं. रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा फरक नाहीसा झाला होता. एकाही मुलाला औषध दिलं नव्हतं. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधीच चाचणी घेऊन ठेवली होती. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं.

आपल्याकडे डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. उलवे, पनवेल आणि आसपासच्या शाळांमधल्या मुलांचं वाचन आता मोजून ठेवलं तर फेऱ्या वाढल्यावर तुलना करता येईल. ही संधी दरवर्षी थोडी थोडी निसटणार आहे. शाळेभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. उड्डाणपुलाला चिकटलेल्या वर्गात, पंखे गरगरत असताना, बाई घसा ताणून पाढे घेतात तेव्हा तिथे किती डेसिबल असतात, ते मोजायला मोबाइलही पुरेल.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगते. लॉस एंजेलिसच्या अडीच हजारांवर किशोरवयीनांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. डिजिटल माध्यमांचा फार वापर करणाऱ्यांमध्ये दोन वर्षांनी लक्षाच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या. थोड्या, आणि कारण-परिणाम सिद्ध झाला नाही. जे मूल कुणालाच आवरत नाही त्याच्याच हातात मोबाइल आधी दिला जातो, हेही खरं आहे. मोबाइल झोप खातो, खेळ खातो, म्हणून तो मर्यादेत हवा; भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखाली अजिबात नको आणि दोन ते पाचमध्ये तासाभराच्या वर नको, असं सांगून ठेवलं आहे. पण सगळं बिल मोबाइलच्या नावावर फाडलं की शाळा, बिल्डर, पालिका, सगळे मोकळे. खेळायचं मैदान पार्किंगमध्ये गेलं, त्याचं काय?

आतापर्यंत चिठ्ठी मिळणाऱ्या मुलांबद्दल बोलले. कोपरखैरणे, दिघा, लोकमान्य नगर, मुंब्रा इथल्या वस्त्यांमधल्या मुलांना चिठ्ठीही मिळत नाही. तिथे एडीएचडी हा शब्द कुणी उच्चारत नाही. पोरगं वांड आहे, बापासारखंच निघालं, एवढं निदान पुरतं. सातवी-आठवीत ते शाळेतून गळतं आणि गळतीच्या रकान्यात कारण लिहिलं जातं, ‘आर्थिक’. मुलींचं आणखी कठीण. ज्या मुलीचं लक्ष भरकटतं पण जी धावत नाही, वर्गात कुणाला त्रास देत नाही, ती शहाणी मुलगी म्हणून पास होत जाते आणि दहावीला अचानक आपटते. एकीकडे ज्याला नको त्याला लेबल आणि दुसरीकडे ज्याला हवं त्याच्यापर्यंत काहीच नाही. दोन्हीचं मूळ एकच, मुलाकडे निवांत बघायला कुणाला वेळ दिलेला नाही.

यंत्रणा कागदावर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात, पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जायचं असतं, आणि तपासायच्या यादीत श्रवणदोष, दृष्टिदोष, रक्तक्षय यांच्याबरोबर अध्ययनातल्या अडचणी आणि एडीएचडीही आहेत. पथक एका दिवसात अख्खी शाळा उरकतं तेव्हा दात आणि वजन पाहून होतं, वागणं कसं पाहून होणार? ते बाईंना विचारावं लागतं. आणि खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये तर एवढंही पोचत नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीला स्वतंत्र जागा नाही. त्यामुळे नुसता एडीएचडी असलेल्या मुलाच्या पालकांना परीक्षेत जादा वेळ मागताना हातात धरायला कागद नसतो, आणि काही शाळा शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात त्या एका मुलासोबत बसणाऱ्या मदतनीस बाईंचा, पगार मात्र बिनदिक्कत त्यांच्याच खिशातून काढतात.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. कान, झोप, लोह, जन्मतारीख असं तपासत बसलं तर ज्याला खरा एडीएचडी आहे त्याचा वेळ जाईल. औषधाला आधीच घाबरणारे पालक तर या यादीचा आडोसा घेतील. औषधाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट नवं नाही, त्याचा शोध १९४४ चा आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या १९९९ च्या अभ्यासात नीट देखरेखीखाली दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर चौदा महिन्यांत नुसत्या वर्तनोपचारांपेक्षा सरस ठरलं. पुढे काही वर्षांनी गटांमधला हा फरक पुसट झाला. म्हणजे औषध उपयोगी आहे आणि एकटं पुरेसं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगतात. गरज असलेल्या मुलाला केवळ ‘मेंदूचं औषध’ म्हणून ते नाकारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ठाणेकरांना या भीतीची सवय आहे. १९०१ पासून मनोरुग्णालय आपल्या गावात, बाहेरगावचे पाहुणे त्यावर अजून विनोद करतात आणि आपण हसतो. पण याच गावात १९९० पासून आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था मानसिक आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलते आहे, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र विशेष मुलांसाठी काम करतं आहे. घाबरण्याचं कारण उरलेलं नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर कानाची आणि डोळ्यांची तपासणी, हिमोग्लोबिन, झोपेची दोन आठवड्यांची नोंद, हे सगळं महिन्याभरात होतं. चांगल्या सल्लागाराची पहिली अपॉइंटमेंट मिळायलाच अनेकदा त्याहून जास्त थांबावं लागतं. ही यादी त्या थांबण्याच्या काळात पुरी करायची आहे. यातलं काही सापडलं म्हणून एडीएचडी नाहीच असंही नाही. पुष्कळ मुलांत दोन्ही असतं, आणि घोरणं थांबल्यावर औषधाचा डोस ठरवणं डॉक्टरांनाही सोपं जातं.

म्हणून मागणी साधी आहे. असेसमेंटची चिठ्ठी देणाऱ्या शाळेने त्यासोबत स्वतः भरलेलं एक पान द्यावं. मूल कोणत्या तासाला उठतं आणि कोणत्या तासाला उठत नाही. सकाळी जास्त की डबा खाल्ल्यावर. कुठल्या बाकावर बसतं, जागा बदलून पाहिली का. वर्गात त्याच्यापेक्षा लहान किती मुलं आहेत. वाचून दाखवायला उभं केलं तर काय होतं. शाळेत झालेल्या शेवटच्या कान-डोळे तपासणीची तारीख. पालिकेच्या शिक्षण विभागाने हे पान छापून सगळ्या शाळांना, खासगी शाळांनाही, बंधनकारक करावं. ते भरायला वर्गशिक्षिकेला आठवडाभर त्या मुलाकडे लक्ष ठेवावं लागेल आणि मग तासभर बसावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनी तो तास कुठून आणायचा, याचं उत्तर बाईंकडे मागू नये, संस्थाचालकांकडे मागावं.